वाटाड्याचं ‘बघू’

सिनेमाच्या धंद्यात त्यांना सगळे रफूराव म्हणत. खरं नाव ठाऊक होतं ते पोस्टमनला आणि बायकोला, आणि बायको ते कधी घेत नसे, म्हणजे उरला पोस्टमन. दुसऱ्यांनी लिहिलेली पटकथा जिथे विरली असेल तिथे चार संवाद घालून भोक बुजवायचं, हे रफूरावांचं काम. नायिका सुरुवातीला अनाथ आहे आणि शेवटी वडिलांच्या गळ्यात पडून रडते आहे, हे चित्रीकरण उरकल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की रफूरावांना बोलावणं जायचं. ते यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, चहा मागवायचे आणि "बाबा, इतकी वर्षं कुठे होतात?" एवढं एकच वाक्य टाकून फाटलेलं सांधून द्यायचे. टाका कुठे घातलाय ते कुणाला दिसत नसे. दिसत नसल्यामुळे पडद्यावर त्यांचं नावही दिसत नसे.

माणूस अगदी गरीब गाय. कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही, आणि जमायची गरजही पडली नाही, कारण त्यांच्याकडे एक शब्द होता: ‘बघू’. आपल्या भाषेत हा शब्द ज्याने कुणी आणला तो फार पोचलेला माणूस असणार. ‘हो’ म्हटलं तर करावं लागतं, ‘नाही’ म्हटलं तर भांडावं लागतं, ‘बघू’ म्हटलं की दोन्ही वाचतं. समोरचा आशेवर परत जातो आणि आपण पेपर वाचायला मोकळे. रफूरावांच्या स्वयंपाकघरातला नळ ‘बघू’वर गळत होता, कपाटाचं दार ‘बघू’वर लटकत होतं, आणि समुद्र पाहायला जायचा बेत लग्नानंतर लगेच ‘बघू’वर टांगला होता तो अजून टांगलेलाच होता.

"तुमचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’च असतं," बायको म्हणायची, "फक्त इस्त्री केलेलं."

त्यावर रफूराव खूश होऊन हसायचे. लेखकाला घरात चांगलं वाक्य सापडलं की ते आपल्यालाच उद्देशून आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. हे वाक्य कुठे खपवता येईल याचाच तो विचार करत बसतो.

पण या सगळ्या ‘बघूं’मध्ये एक मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ते ताईला दिलेलं होतं.

ताई म्हणजे रफूरावांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हे चड्डीत होते आणि ताईची शाळा नुकती संपली होती. तिने यांना न्हाऊमाखू घातलं, कान धरून अभ्यासाला बसवलं, आणि स्वतः एका दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारायच्या नोकरीला लागली. लग्नाचं पुढे राहून गेलं. आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावरचा बहिरा म्हातारासुद्धा पहिल्या हाकेला उठून उभा राहायचा. आता निवृत्त होऊन ती एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहत होती. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि ताईला गुडघे नव्हते, म्हणजे असून नसल्यासारखे. भाजी आणायला खाली उतरली की वर येताना प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसून दम खावा लागे. येणारेजाणारे म्हणत, "काय आजी, ऊन खाताय?" जिन्यात कुठलं ऊन? पण ती "हो" म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी एकदा चहा गाळता गाळता, पाठमोरी असतानाच, तिने विचारलं होतं, "तुमच्या त्या मागच्या खोलीत माझी एक खाट मावेल का रे?"

मागच्या खोलीत रफूरावांच्या जुन्या पटकथांचे गठ्ठे होते, पार छताला टेकलेले. त्यातली एकही पटकथा पुन्हा कुणी मागणार नव्हतं. रफूराव म्हणाले, "बघू."

ताईने पुन्हा कधी विचारलं नाही. रफूरावांनीही विषय काढला नाही, आणि दर रविवारी तिच्याकडे जाऊन चहा-बिस्किटं खाऊन येत राहिले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वाटाड्या आला.

वाटाड्या म्हणजे जुन्या साहसकथांमधला डोंगरातला माणूस. जाड पुठ्ठ्याची डझनभर पुस्तकं, प्रत्येक घरात त्यातली दोन-तीन तरी असायचीच, आणि त्यातलं एक तरी शेजाऱ्याचं असायचं. हा वाटाड्या पन्नाशीचा, एका पायाने जरा लंगडा, अंगात ठिगळांचा कोट, खांद्यावर दोरी आणि सोबतीला एक अट्टल हट्टी खेचर. हत्यार नाही, भाषण नाही. दरड कोसळलेली असायची, पलीकडे माणसं अडकलेली असायची, सगळ्यांचे हातपाय गळालेले असायचे. मग कुणीतरी धावत त्याच्या झोपडीशी यायचं आणि विचारायचं, "वाट निघेल का हो?" आणि वाटाड्या म्हणायचा, "बघू."

एवढंच. आणि मग वाट निघायची.

ही पुस्तकं ताईने धाकट्या भावाला दवाखान्याच्या आवाजात वाचून दाखवली होती. ‘बघू’ आलं की ती थांबायची, आणि हे अंथरुणात ताडकन उठून बसायचे. रफूरावांच्या जिभेवर तो शब्द तेव्हाच बसला. बाकीचा वाटाड्या मात्र पुस्तकातच राहिला.

या वाटाड्यावर सिनेमा काढायचं पाइपशेठनी ठरवलं. पाइपशेठ म्हणजे निर्माते. त्यांचा पाइपांचा कारखाना होता आणि कलेकडेही ते त्याच नजरेनं बघायचे. "गोष्ट तुंबता कामा नये," एवढी एकच त्यांची अट. दिग्दर्शक तरुण होता आणि खोलीतसुद्धा काळा चष्मा लावून बसायचा, त्यामुळे तो विचार करतोय की झोपलाय हे चटकन कळत नसे. आणि संवादांसाठी घेतले रफूरावांना. रफू करायला नाही, अख्खं कापड विणायला. पोस्टरचा नमुना ऑफिसच्या भिंतीवर लावला होता, त्यावर खाली ‘संवाद’ असं लिहून पुढे त्यांचं नाव होतं, पोस्टमनच्या माहितीतलं. रफूराव पहिल्या दिवशी पाणी प्यायच्या निमित्ताने चार वेळा उठले आणि भिंतीजवळून गेले.

"मूळ पुस्तकाशी आपण शंभर टक्के इमान राखणार आहोत," दिग्दर्शक पहिल्याच बैठकीत म्हणाला. "फक्त थोडे बदल."

थोडे बदल असे होते. पन्नाशीचा हिरो बघायला कोण येणार, म्हणून तो ऐन पंचविशीत आला. लंगडा हिरो नाचणार कसा, म्हणून पाय बरा झाला. खेचर कॅमेऱ्यासमोर ऐकत नाही, म्हणून त्याची मोटरसायकल झाली. खेचराचा स्वभाव मात्र इमानाने राखला होता, ती मोटरसायकल दोन प्रसंगांत सुरूच होत नाही. कोट चामड्याचा झाला, आणि नव्या कोऱ्या चामड्याला ठिगळं लावायला खास माणूस आणला. पुस्तकात बाई नव्हती, सिनेमात दोन आल्या. प्रत्येक बदल झाला की दिग्दर्शक छातीवर हात ठेवून म्हणायचा, "पण आत्मा तोच ठेवलाय." शरीराचा एकेक तुकडा असा बदलून झाल्यावर तो आत्मा बिचारा भाड्याची खोली शोधत ऑफिसात फिरत असावा. कुणी त्याला बसा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

रफूराव यातल्या कशावर चिडले नाहीत. ते काही हटवादी वाचक नव्हते. बदल लागतातच, हे त्यांना इतकी वर्षं घासून कळलं होतं. पुस्तकात वाटाड्या वादळ थांबायची वाट बघत एका गुहेत चाळीस पानं बसून राहतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण पडद्यावर तसंच दाखवलं तर लोक अंधारात चपला शोधू लागतील. त्यांनी ती चाळीस पानं एका वाक्यात आणली. वाटाड्या खेचराला, म्हणजे मोटरसायकलला म्हणतो, "वादळ दमलं की निघू." ते वाक्य चांगलं जमलं होतं. दिग्दर्शकाने चष्मा काढून पुन्हा लावला, म्हणजे दाद दिली.

हटवादी वाचक मग आपणहून आले. त्यांचं रीतसर मंडळ होतं: वाटाड्या निष्ठावंत वाचक मंडळ. अध्यक्ष हे एक निवृत्त औषधविक्रेते, भर उन्हाळ्यात ठिगळांचा लोकरी कोट घालून घामाने निथळत आले होते. मागे सात-आठ सभासद, त्यातले निम्मे दाराच्या या बाजूला बसले आणि निम्मे त्या बाजूला.

"एक अक्षर बदललेलं खपवून घेणार नाही," अध्यक्ष म्हणाले आणि कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. "मूळ म्हणजे मूळ."

"आत्मा तोच ठेवलाय," दिग्दर्शक म्हणाला.

"आत्म्याचं राहू द्या. दोरी कुठल्या खांद्यावर आहे?"

भानगड अशी होती की पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोरी डाव्या खांद्यावर होती आणि आतल्या चित्रात उजव्या. छापणाऱ्याने चित्र उलटं लावलं असणार, पण असं म्हणणाऱ्याला मंडळातून काढून टाकलं होतं. तेव्हापासून डावे आणि उजवे एकमेकांशी बोलत नव्हते. वार्षिक सभेला एका टेबलावर चहाही घेत नव्हते. दिग्दर्शकाने क्षणभर विचार केला, किंवा डुलकी काढली, आणि म्हणाला, "मध्यंतरापर्यंत डाव्या. मध्यंतरानंतर उजव्या."

अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या भावनांची अशी कदर केली नव्हती.

रफूरावांनी हळूच विचारलं, "आणि ते ‘बघू’? त्याबद्दल मंडळाचं काय मत?"

"ते काय, संवाद तुमचा प्रांत," अध्यक्ष उदारपणे म्हणाले. "आम्ही खांद्यावर ठाम आहोत."

त्या रविवारी रफूरावांनी ताईला हे सगळं रंगवून सांगितलं. ताई खाटेवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. ती इतकी हसली की पिशवी घसरून खाली पडली.

"खेचर गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "पाय बरा केलात तेही बरंच केलंत. माझे कुणी बदलून दिले तर मी कुठे नको म्हणतेय? पण ‘बघू’ ठेव रे."

"अगं, ते ठेवणारच. ते गेलं तर उरलं काय?"

"नुसतं ‘बघू’ नाही. त्याच्या पुढचं."

"पुढचं काय?"

ताईने उशाखालून पुस्तक काढलं. पाठ निसटलेली, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. तिने चष्मा लावला आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं: "‘बघू,’ वाटाड्या म्हणाला आणि उठला." मग पानं उलटून दुसरीकडे: "‘बघू,’ वाटाड्या म्हणाला आणि उठला." मग तिसरीकडे. तेच.

रफूराव बघतच राहिले. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं, पण ‘आणि उठला’ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात कधी शिरलेच नव्हते.

"तो शब्द देत नाही," ताई म्हणाली. "वाट बघितल्याशिवाय कसा देणार? खोटा माणूस नाहीये तो. पण उठतो. तो उठला की लोक रडायचे थांबतात, बघ. अजून काहीही झालेलं नसतं, तरी. ठेवशील ना?"

रफूराव खुर्चीत रेलून बसले होते, हातात अर्धं बिस्किट. ‘बघू’ अगदी ओठावर आलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, ते त्यांनी बिस्किटाबरोबर गिळलं आणि म्हणाले, "ठेवतो. म्हणजे ठेवतोच."

ताईने पुस्तक मिटलं. तिचा विश्वास बसला होता, हे रफूरावांना दिसलं, आणि घरी जाताना जिन्यावरून ते शीळ घालत उतरले.

पुढच्याच आठवड्यात पाइपशेठनी संवादांचं बाड हातात घेऊन बैठक बोलावली.

"रफूराव, लिहिलंय झकास. पण हे ‘बघू’ काय आहे? माझा स्टोअरकीपर असं बोलतो. त्याला मी दोनदा कामावरून काढलाय."

"मूळ पुस्तकात आहे तसंच आहे ते."

"मूळ पुस्तकात तर खेचरही आहे."

स्टार, म्हणजे वाटाड्या होणारा नट, पिळदार आणि दिलदार माणूस होता. त्याने आपली अडचण प्रामाणिकपणे मांडली. "मला यात जबडा वापरता येत नाही हो. ‘बघू’ म्हटलं की तोंडाचा चंबू होतो. हे बघा." त्याने म्हणून दाखवलं. खरंच चंबू झाला. क्लोजअपमध्ये तो एवढा मोठा दिसला असता.

मग टेबलाभोवती शाळेतल्यासारखी क्रियापदं चालवायला सुरुवात झाली. ‘बघतो’ म्हणजे नोकर वाटतो. ‘बघतोच’ म्हणजे धाकटा भाऊ वाटतो. ‘बघाच’ म्हणजे जाहिरात. ‘बघून येतो’ म्हटल्यावर पाइपशेठ म्हणाले, दूध आणायला निघालाय का? आणि मग दिग्दर्शक खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "बघून घेईन!"

स्टारने लगेच म्हणून बघितलं. "बघून घेईन!" जबडा असा काही हलला की चहा आणणारा दारातच थबकला.

"अहो, पण ही धमकी झाली," रफूराव म्हणाले. "तो लोकांना वाट काढून देतो. तो धमकी देणार कुणाला?"

"डोंगराला," दिग्दर्शक म्हणाला.

पाइपशेठनी डोळे मिटले आणि त्यांना बहुधा तो डोंगर दिसला.

"रफूराव," ते डोळे उघडून म्हणाले, "मी पाइपवाला माणूस, मला यातलं कळत नाही. पण तुम्हाला कळतं. तुम्ही नाही म्हणालात तर नाही बदलत, ‘बघू’ तर ‘बघू’. हा माझा शब्द. बोला, बदलायचं का?"

असा निर्माता शोधून सापडत नाही. सगळे रफूरावांकडे बघू लागले. समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं आणि पोस्टरवर नाव होतं. ‘नाही’ म्हटलं की काम होणार होतं. पण स्टारचा उजळलेला चेहरा, दिग्दर्शकाचा प्रथमच वर गेलेला चष्मा, पाइपशेठचा चांगुलपणा, आणि तेवढ्यात कुणीतरी पुढे सरकवलेली बिस्किटांची बशी. अशा माणसांना तोंडावर ‘नाही’ कसं म्हणायचं?

रफूराव म्हणाले, "बघू."

"ठरलं मग," पाइपशेठ म्हणाले, आणि सगळे चहा प्यायला लागले.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला रफूराव बायकोला आणि ताईला घेऊन गेले. ताईला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगू सांगू म्हणत राहून गेलं होतं, म्हणजे तेही एक प्रकारचं ‘बघू’च. ताई चार मजले एकेक पायरी करत उतरली होती, आणि तिने ठेवणीतली साडी नेसली होती. पडद्यावर ‘संवाद’ आणि पुढे नाव आलं तेव्हा बायकोने यांचा हात दाबला, आणि ताईने ते नाव दवाखान्याच्या आवाजात मोठ्याने वाचलं. सगळं थिएटर वळून बघायला लागलं. कुणीतरी चुकून "आलो" म्हणालं.

मग वाटाड्या आला. दरड कोसळली, माणसं अडकली, एक म्हातारी त्याच्या मोटरसायकलसमोर आडवी पडून म्हणाली, "वाट निघेल का रे बाबा?" वाटाड्याने डोंगराकडे बघितलं. जबडा हलला.

"बघून घेईन!"

शिट्ट्यांनी छत खाली आलं. नंतर तो ते नदीला म्हणाला, वादळाला म्हणाला, मध्यंतरानंतर दोन्ही बायकांना एकेकदा म्हणाला. मध्यंतर संपताच दोरीने खांदा बदलला तेव्हा पुढच्या रांगेतल्या निष्ठावंतांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आधी डावे उभे होते, आता उजवे. रफूराव पडद्याकडे बघत नव्हते. ते अंधारात ताईकडे बघत होते. ताई हात मांडीवर ठेवून, मान जराही न हलवता, शेवटपर्यंत बघत होती.

बाहेर आल्यावर अध्यक्षांनी रफूरावांना मिठीच मारली. लोकरी कोट ओलाचिंब होता. "इमान राखलंत!" ते गहिवरून म्हणाले. "आजकाल मूळ पुस्तकाला इतकं कोण जपतं हो?"

ताई थिएटरच्या पायरीवर बसली होती. रफूराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, प्रगतिपुस्तक आणलेल्या पोरासारखे.

"दोरी छान होती," ताई म्हणाली.

रफूरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पण तो कुठे बसतच नाही रे. सिनेमाभर आपला उभाच. मग उठणार कुठून?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने नुसता हात पुढे केला, उठवायला.

तिला घरी पोचवायला गेले तर चौथा मजला येईपर्यंत तिघं तीनदा थांबले. पायरीवर बसून ताई पुन्हा पुन्हा गुडघे चोळत होती, आणि रफूरावांना पहिल्यांदाच तो जिना खालून वरपर्यंत दिसला. दर रविवारी ते इथूनच शीळ घालत उतरत होते. वर गेल्यावर ताई त्याही स्थितीत चहा टाकायला उठली. रफूरावांच्या तोंडून एकदम निघालं, "ताई, तू आमच्याकडे ये राहायला. मागच्या खोलीत."

ताई पाठमोरी होती. चहा गाळत होती.

"बघू," ती म्हणाली.

रफूरावांना तो स्वर ओळखू आला. आयुष्यभर तोच तर वापरला होता. कडक इस्त्री केलेला, एक सुरकुती नाही. फक्त आजवर तो नेहमी आपल्या बाजूने ऐकला होता. समोर बसून ऐकताना तो असा लागतो, कुणी हळूच तोंडावर दार लावून घेतल्यासारखा, हे त्यांना माहीतच नव्हतं. ताईने हे दोन वर्षं गिळलं होतं आणि दर रविवारी बिस्किटं आणून ठेवली होती. रफूरावांना रडू आलं, आणि चहा गरम आहे असं सांगून त्यांनी ते निभावून नेलं.

सिनेमा जोरात चालला. पाइपशेठचा फोन आला. "रफूराव, दुसरा भाग! नाव पण ठरलंय, ‘पुन्हा बघून घेईन’. कधी बसताय?"

"नाही," रफूराव म्हणाले.

"आवाज नीट येत नाहीये. बघू म्हणालात ना?"

"नाही म्हणालो."

"म्हणजे आत्ता नाही, नंतर बघू, असं ना?"

"नाही म्हणजे नाही हो, शेठ."

मग पाइपशेठ काळजीच्या सुरात म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

त्या दिवसापासून रफूराव मागच्या खोलीत शिरले. रद्दीवाल्याच्या हातगाडीने बऱ्याच फेऱ्या मारल्या. अनाथ नायिका, हरवलेले जुळे भाऊ, शेवटच्या क्षणी पोचणारे पोलीस, सगळे तराजूत बसून गेले. बायको दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने या खोलीची फरशी पाहिली नव्हती. फरशी हिरवी निघाली.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"बघतोय," रफूराव म्हणाले आणि आणखी एक गठ्ठा उचलला.

पदर खोचून बायकोने झाडू आणला. कोपऱ्यातली जळमटं काढताना ती एकदाच म्हणाली, "मला वाटलं होतं, मी मेल्यावरच ही खोली दिसेल." नळ अजून गळत होता. माणूस एकदम सगळीकडून सुधारला तर घरच्यांना ओळखूही यायचा नाही.

खोली रिकामी झाली, भिंती पुसून झाल्या, खिडकीची कडी बसवली, तेव्हा एका सकाळी रफूराव ताईकडे गेले. रविवार नव्हता. ताई खाटेवर बसली होती, त्यांना बघून दचकली.

"काय रे, बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. मागची खोली झाली."

"झाली म्हणजे?"

"रिकामी झाली."

"आणि तुझे गठ्ठे?"

"रद्दीत घातले."

"सगळे?"

"सगळे. खाट मावते. आमची नेऊन ठेवून बघितली. खिडकीपाशी मावते आणि वर कपाटालाही जागा राहते."

"जिना?"

"तळमजला आहे, ताई. तू आली आहेस की घरी."

"आले आहे," ताई म्हणाली. "पण तेव्हा जिना मोजायची वेळ आली नव्हती."

ती धाकट्या भावाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याच्या केसांत जळमट अडकलं होतं आणि बोटं रद्दीच्या सुतळीने सोलली होती. खाली रस्त्यावर रफूरावांनी आणलेला टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर कंटाळून हॉर्न वाजवत होता. रफूराव बसले नाहीत. खुर्ची शेजारीच होती, तरी ते दारापाशी उभेच होते. त्यांनी पुढे काही विचारलंही नाही.

"बघू," ताई म्हणाली.

तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, ओठ आवळले आणि उठली.